मागच्या अंगणातली खुर्ची

पोरीची सरळ झालेली पाठ बघायला अख्खी आळी आली, पण पाठीचं कौतुक एका दिवसात आटोपलं. दुसऱ्या दिवसापासून जो तो पोटाचं विचारायला लागला. शेताकडे निघालेली माणसं कुंपणापाशी थांबायची, कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची आणि आत बघून विचारायची, "काय गं, झालं का आज?" जसं काही पोरीचं पोट ही गावाची विहीर होती आणि पाणी लागलं की नाही हे सगळ्यांना कळायलाच हवं होतं.

पोर तेरा वर्षांची. लहानपणापासून तिचा कणा एका अंगाला कलत गेला होता. शाळेतल्या पोरांनी तिचं नाव 'कमान' ठेवलं आणि पुढे मास्तरही हजेरी सोडून इतर वेळी तेच म्हणायला लागले. शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, कण्याला सळ्या बसवल्या, आणि पोर वीतभर उंच होऊन परत आली. "कमानीचा खांब झाला की!" असं म्हणून शेतावरचा मुकादम हसला, तेव्हा तीसुद्धा हसली होती. पण खांबाला वाकता येत नाही. तिला कंबरेत वाकायला बंदी होती, पिळायला बंदी होती, उकिडवं बसण्याचं तर नावच काढायचं नव्हतं.

ऑपरेशननंतर इस्पितळातच पोटाचा त्रास सुरू झाला होता. पोट ढोलकीसारखं ताणलेलं, वर नाकात नळी. मोठे डॉक्टर रोज सकाळी पाच-सहा जणांचा लवाजमा घेऊन खाटेपाशी यायचे आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "वारा सरला का?" पोर भिंतीकडे तोंड फिरवायची. मग एका दुपारी तो सरला, चांगला मोठ्यांदा सरला, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने चक्क टाळ्या वाजवल्या. पोर हसली, आई हसली, टाके दुखतात म्हणून पोर हसता हसता रडली. तिथून घोट घोट पाणी, मग पेज, मग मऊ भात असं करत करत गाडी रुळावर आली.

निघताना तिथल्या सिस्टरने आईला बाजूला घेऊन बजावलं होतं. "दुखण्याच्या गोळ्यांनी आतडी झोपतात. पाणी पाजत राहायचं. रोज चालवायचं. फळं, पालेभाज्या द्यायच्या आणि हे पातळ औषध चुकवायचं नाही. बसायला खुर्चीसारखं काहीतरी करा, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आणि दोन-तीन दिवस पोट साफ नाही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा." आईने सगळ्याला मान हलवली होती. मान हलवायला काही लागत नाही.

बाप कुदळी-फावड्यांना दांडे बसवून द्यायचा. त्याने घरातल्या एकुलत्या एक खुर्चीची बैठक गोल कापली, कडा काचेने घासून इतकी गुळगुळीत केली की हात फिरवत राहावासा वाटेल, आणि खाली पत्र्याची बादली बसवली. काम झकास झालं. पण संडासाच्या खोपटात ती खुर्ची मावेना. घरात दोन खोल्या, त्यात हे तिघं आणि आईची थोरली जाऊ. स्वयंपाकाच्या वासात हे कुठे ठेवणार? शेवटी खुर्ची मागच्या अंगणात गेली. तीन बाजूंनी ताडपत्री लावली, चौथ्या बाजूला घराची भिंत. ताडपत्रीच्या पलीकडे कुंपण आणि कुंपणाला लागून शेताची पायवाट, जिच्यावरून सकाळी बटाटे काढणाऱ्यांची सगळी टोळी जायची.

"राणीसाहेबांचं सिंहासन," असं पहिल्याच दिवशी पलीकडून कोणीतरी म्हणालं. टोळी हसली. आत पोर खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली. तिला काही झालं नाही. मग रोजच काही होईना.

"लाजायचं काय त्यात?" थोरली म्हणायची. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? जगात सगळे जातात." हे ती पायवाटेवरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, कारण तिला दुसरा आवाजच नव्हता. थोरली विधवा, पोटी काही नाही, आणि पोरीवर तिचा जीव. तिचा जीव म्हणजे खायला घालणं. सकाळी अंडी, दुपारी मटणाचा रस्सा, संध्याकाळी साय घातलेलं दूध. "एवढी चिरफाड झाली, अंगात काही नको का?" पोर दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मग थोरली तिसरा घास हाताने भरवायची.

"मोठी आई, नको. खरंच नको."

"नको म्हणणाऱ्या पोरी मी पुष्कळ पाहिल्यात. आ कर."

पोर आ करायची. पाणी मात्र ती टाळायची. पाणी प्यायलं की सारखं त्या खुर्चीकडे जावं लागतं, हा तिचा साधा हिशोब होता. पातळ औषधाचाही हिशोब तोच. औषध झाकणात ओतलं जायचं, झाकण तोंडाशी जायचं, आणि आई वळली की ते औषध खिडकीखालच्या मातीत जायचं. हे नंतर कळलं.

त्यात हंगामाने घोडं अडवलं. बटाटे काढणीला आले आणि आभाळात अवेळी ढग दाटायला लागले. एक सर आली असती तरी सगळं पीक मातीतच कुजलं असतं. मुकादमाचं जेवणात लक्ष लागेना. त्या शिवारात काम जोडीने चालायचं. एकीने कुदळीने सरी फोडायची, दुसरीने मागून बटाटे वेचून पोत्यात भरायचे. सरी जोडीच्या नावावर मिळायची. रीत अशी, की सरी उपसून झाली की मातीत चुकून राहिलेले, कुदळीने कापलेले, गोटीएवढे बारके बटाटे त्या जोडीचे. त्यावर या घराचा अर्ध्या वर्षाचा स्वयंपाक निघायचा. थोरली आणि धाकटी, म्हणजे पोरीची आई, ही शिवारातली जुनी जोडी. थोरली खोदायची, धाकटी वेचायची. इस्पितळाच्या भानगडीत धाकटी अडकली आणि थोरलीच्या मागे मुकादमाने आपल्या मेहुणीला लावून दिलं.

"मेहुणी कसली, मेण आहे मेण," थोरली संध्याकाळी पाय पसरून बसली आणि टाचांच्या भेगांत तेल भरता भरता म्हणाली. "वाकते आणि तिथेच विचार करत बसते. मी पंधरा पावलं पुढे आणि बाईसाहेब मागे चिंतन करताहेत."

मुकादम स्वतः दारात आला तो त्याच संध्याकाळी. बसला नाही. चपलाही काढल्या नाहीत.

"किती दिवस धरायची मी तुझी जागा? आभाळ बघतेस ना?"

"पोरीचं पोट अजून साफ होत नाही हो. एकटीला कशी टाकू?" आई म्हणाली.

"पोट सगळ्यांनाच आहे. उद्यापासून जोडी लागली तर सरी तुमची. नाही लागली तर मेहुणीची आणि हिची जोडी कायमची लावतो, पुढच्या हंगामालाही. मग वेचलेलंही तिचं."

"कायमची?" थोरली ताडकन उठली. "मला त्या मेणाच्या बाहुलीशी कायमचं बांधता होय? लग्नातसुद्धा मला कोणी विचारलं नाही, निदान सरीत तरी विचारा."

मुकादम हसला नाही. गेला. थोरली पुन्हा बसली आणि धाकटीकडे न बघता म्हणाली, "मी तुला जा म्हणत नाही. पोर आधी. पण तूच बघ बाई काय ते." आतल्या खोलीत, ताठ पाठीने भिंतीला टेकून उभी राहिलेली पोर हे सगळं ऐकत होती. बसलं की तिची पाठ दुखायची आणि आडवं झालं की पोट.

सकाळी ताडपत्रीमागून हाक आली. "आई, झालं."

आईचा हात पिठातच होता. "खरंच?"

"हो. नीट झालं. तू जा कामाला."

आई धावतच मागे गेली. पोर ताडपत्रीची कड धरून उभी होती. बादलीत चुलीतली राख व्यवस्थित पसरलेली. त्या गावात झाकल्याशिवाय कोणी उठत नाही. चालायला लागल्यापासून पोरांना तेच शिकवतात, आणि दुसऱ्याच्या राखेखाली डोकावून बघणाऱ्याला माणसात धरत नाहीत. या आईनेही पोरीला हेच शिकवलं होतं, दोन वेळा पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं.

तिने बादली उचलली आणि थबकली.

बादली हलकी होती. वर्षानुवर्षं पोती भरणाऱ्या बाईला पोत्यात चार बटाटे कमी असले तरी हाताला कळतात. इथे तर नुसती राख होती. तिला कळलं. याबद्दल कोणी काही म्हणो, तिला त्या क्षणी कळलं. एक काडी घेऊन राख बाजूला सारायचा अवकाश होता. पण पलीकडे पायवाटेवर टोळीची पावलं वाजायला लागली होती, थोरलीने कुदळ खांद्यावर टाकली होती, आणि पोर म्हणत होती झालं. पोरीच्या शब्दावर विश्वास ठेवणं ही काय वाईट गोष्ट आहे? असं तिने स्वतःला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. तिने बादली खड्ड्यात पालथी केली, तीसुद्धा तोंड फिरवून. पोर तिच्याकडे बघत होती.

"शहाणी माझी," आई म्हणाली आणि कामाला गेली.

त्या दिवशी थोरलीच्या कुदळीला उधाण आलं होतं. माती फुटत होती, बटाटे उघडे पडत होते आणि धाकटीचे हात मागून कोंबडीच्या चोचीसारखे चालत होते. "ही माझी जोडी!" थोरली मुकादमाला ओरडून म्हणाली. "बघून घ्या!" आईला खूप दिवसांनी बरं वाटलं. कंबर मोडली, नखांत माती भरली, पण घरात बसून पोटाकडे बघत राहण्यापेक्षा हे किती सोपं होतं. कामाला उत्तर असतं, खोदलं की बटाटा निघतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली, झालं. बादलीत राख दुप्पट होती. उचलताना थोडी जड लागली. आईला हायसं वाटलं, म्हणजे वाटून घेतलं. तिसऱ्या दिवसापासून तिने बादलीचा विचार करणंच सोडलं. येता-जाता कोणी विचारलं की ती कुंपणावरून सांगायची, "रोज होतं आता! घड्याळासारखं!" आणि लोक म्हणायचे, वा, वा.

बापाला मात्र काहीतरी खटकत होतं. तो संध्याकाळी पोरीला अंगणात चालवायचा. पोर आधी विहिरीपर्यंत जायची, आता चिंचेपर्यंतच जाऊन परत वळायची. "हिचं तोंड बघ कसं सुकलंय," तो बायकोला म्हणाला. "आणि पोट पुढे आल्यासारखं वाटतंय."

"पोट पुढे येणारच," थोरली आतून ओरडली. "इतके दिवस कुबडात लपलं होतं. आता अंग धरतेय पोर. तुम्हा पुरुषांना काय कळतंय?"

बापाने बायकोकडे बघितलं. बायको मळके कपडे पिळत होती. "जाऊबाई म्हणतात ते खरं असेल," ती म्हणाली. पिळून झालेला कपडा तिने पुन्हा एकदा पिळला.

पाऊस आला नाही. बाकीच्यांना आभाळाने वाचवलं, आणि या घरावर भर दुपारी घाला पडला. बाप बांधावरून पळत आला, हातात अर्धवट तासलेला दांडा तसाच. "चला, पोर ओकतेय. हिरवं पडतंय. पोटाला हात लावू देत नाही."

थोरलीची कुदळ मातीत रुतलेलीच राहिली. शेतावरचा टेम्पो बटाट्यांनी भरून निघाला होता. मुकादमाने कुरकुर केली, पण पोतं हलवून जागा करून दिली. पोरीला वाकवायचं नव्हतं, म्हणून दारच काढून तिला त्यावर आडवं घेतलं आणि पोत्यांवर ठेवलं. प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून बारीक आवाज यायचा. आई उशाशी बसली होती. तिने पदर ओला करून पोरीच्या ओठांवर फिरवला. ओठांना पापुद्रे आले होते, ते पदराला चिकटले. इतके दिवस हे ओठ तिच्यासमोरच होते.

तालुक्याच्या दवाखान्यातली सिस्टर तरुण होती आणि वैतागलेली होती. तिने पोरीच्या पोटावर बोटं ठेवली, इथे दाबलं, तिथे दाबलं. दगड हाताला लागावा तसा तिचा चेहरा झाला.

"शेवटचं पोट कधी साफ झालं?"

तिघंही आईकडे बघायला लागले.

"रोज," ती म्हणाली. "रोज होत होतं. ती सांगायची ना, झालं म्हणून."

"रोज?" सिस्टरने तिच्याकडे असं बघितलं की बाहेर ठेवलेल्या चपलांनाही लाज वाटावी. "आत सगळं घट्ट साचून बसलंय. कितीतरी दिवसांचं. घरी आल्यापासून गेलेली नाही ही."

"मी खोटं सांगायचे," पोर म्हणाली. डोळे छताकडे. "नुसती राख टाकायचे. औषधपण ओतून द्यायचे."

मग काय, रान मोकळंच झालं. सिस्टर तिला बोलली, एवढी घोडी झालीस, स्वतःच्या जिवाशी खेळ करतात का, नव्या कण्याला काही झालं असतं म्हणजे? बाप बोलला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. थोरलीने कपाळावर हात मारून घेतला, "मी हिला वरून खायला कोंबत होते गं, मी कोंबत होते!" आईकडे एका वाक्याचं काम होतं. मला माहीत होतं, एवढंच वाक्य. ते ओठांपर्यंत आलं आणि तिने गिळलं. लेकरू शिव्या खात होतं आणि आई त्या शिव्यांच्या आडोशाला उभी होती. तिला स्वतःची किळस आली, पण किळस आली म्हणून तोंड उघडतं असं नाही.

सलाईन लागलं. हिरवा पडदा ओढला गेला. आतून नळीचा, पाण्याचा आवाज, सिस्टरचं "श्वास सोड, सोड, घट्ट धरू नकोस", आणि पोरीचं कण्हणं. बाहेर बाकावर थोरली नाक ओढत होती. मग पडद्याखालून वास आला, आणि थोरलीने दोन्ही हात जोडले. त्या वासाला हात जोडणारी बाई आईने आयुष्यात पहिल्यांदा बघितली. तिलाही जोडावेसे वाटले. तिचे हात उचलले गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोरीचं पोट मऊ झालं होतं. चेहऱ्यावर रंग आला होता. सिस्टरही निवळली होती. तिने उशी नीट केली, पोरीचे पाय स्टुलावर टेकवून तिला खाटेच्या कडेला बसवलं आणि आईकडे वळली.

"हे बघा, आता थोडं थोडं, मऊ खायला द्या. कोंबायचं नाही. पाणी भरपूर. ती खुर्ची आधी घरात घ्या, कुठेही मावत नसली तरी घ्या. आणि आता हिच्या बोलण्यावर जायचं नाही. राखबिख काही टाकू द्यायची नाही. दर वेळी तुम्ही स्वतः बघायचं, आपल्या डोळ्यांनी. कळलं ना?"

आईने मान हलवली.

"तिला बघावं लागत नाही," पोर म्हणाली.

"म्हणजे?"

"आईला हातात घेतल्यावर कळतं. बादली उचलली की कळतं तिला." पोरीच्या आवाजात राग नव्हता. उलट घरातल्या माणसाचं एखादं कसब परक्याला सांगावं, तसं ती सांगत होती. "पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून राख जास्त टाकली, तिला जड लागावी म्हणून. कामाला जाताना वाईट वाटायला नको."

सिस्टर पुढच्या खाटेकडे निघाली होती, ती तशीच थांबली. थोरलीचं नाक ओढणं थांबलं. बाप आईकडे बघत राहिला. त्याने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आईने तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं. थोडं बाहेर सांडलं. ग्लास तिने पोरीच्या तोंडाशी नेला. पोरीने तो तिच्या हातातून काढून घेतला, ताठ बसून सावकाश सगळा संपवला, आणि रिकामा ग्लास बापाच्या हातात दिला.